सूचनांचे गाणे

मद्यालयात धर्मगुरूने पाऊल टाकावे की टाकू नये, या प्रश्नावर सेमिनरीत आम्हांला कोणी स्वतंत्र व्याख्यान दिल्याचे स्मरत नाही. तशी वेळ येणारच नाही, असे आमच्या गुरुजनांनी गृहीत धरले असावे. किंवा आलीच तर ज्याचे तो बघून घेईल, असेही त्यांनी म्हटले असेल. त्यामुळे गेल्या हिवाळ्यातील एका मंगळवारी रात्री आठच्या सुमारास खारमधील एका बारच्या जिन्याशी मी उभा राहिलो, तेव्हा मार्गदर्शनार्थ माझ्यापाशी काहीही नव्हते. अंगात साधा अर्ध्या बाह्यांचा सदरा होता, खिशात परतीचे तिकीट होते, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला गिटारची पिशवी पाठीवर घेतलेला माझा भाचा, "फादरमामा, या ना वर," असे इतक्या मोठ्याने म्हणत होता की साध्या सदऱ्याचा काही उपयोग उरला नाही.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. घरात मी मामा आणि चर्चमध्ये फादर, यामुळे लहानपणी त्याचा फार गोंधळ उडे. शेवटी त्याने दोन्ही शब्द जोडून टाकले आणि ते आजतागायत जोडलेलेच राहिले. आता तो सव्वीस वर्षांचा आहे. दिवसा गोरेगावला संगणकासमोर बसून नोकरी करतो आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री दोन मित्रांसह विनोदी गाणी म्हणत फिरतो. एक मित्र नायगावचा. तो 'कॅहॉन' नावाच्या लाकडी खोक्यावर बसतो आणि तोच खोका दोन्ही हातांनी बडवतो. दुसरी मीरा रोडची मुलगी. ती तोंडाने फुंकर घालून पेटीसारखे एक वाद्य वाजवते आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू देत नाही. या त्रिकुटाचे नाव मी इथे देत नाही. त्या नावातच एक विनोद आहे व तो या पानांवर छापण्याजोगा नाही.

माझ्या बहिणीला हे सारे मुळीच पसंत नाही. "गायचेच आहे तर गायकवृंदात गा," हे तिचे पालुपद. मी तिला समजवावे म्हणून भाच्याने मला भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र धाडले होते. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये भेटीस बोलावले होते, त्या भेटीचे ते चित्र. खाली भाच्याने लिहिले होते, "पोपना चालते, आईला चालत नाही." मी ते चित्र बहिणीला दाखवले. ती म्हणाली, "पोपमहाराजांनी त्यांना घरी बोलावले. ते स्वतः बारमध्ये गेले नाहीत." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा मी स्वतः जाऊन बघतो व तुला सांगतो, अशी मध्यस्थी मी पत्करली.

'ओपन माइक' या प्रकाराची ज्यांना कल्पना नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बारचा धंदा शुक्रवार-शनिवारी आपोआप चालतो. सोमवार-मंगळवार मात्र ओस जातात. अशा मंद वारी मालक एक कोपरा मोकळा करून देतो, ध्वनिक्षेपक ठेवतो आणि कोणीही यावे, नाव नोंदवावे, पाच मिनिटे उभे राहून जे जमत असेल ते करावे, अशी मुभा देतो. मानधनाचा प्रश्नच नाही. उलट कलावंताने पदरचे लिंबू-सरबत विकत घ्यावे, सोबत एखादा मित्र आणावा, अशी अपेक्षा असते. त्या रात्री मी तो आणलेला मित्र होतो.

ही कल्पना आपल्याकडची नव्हे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये 'गर्डीज फोक सिटी' नावाचे ठिकाण होते. तिथल्या सोमवारच्या खुल्या रात्रींत १९६१ साली बॉब डिलन नावाचा विशीतला एक मुलगा गात असे. पुढे २०१६ साली त्यास साहित्याचे नोबेल मिळाले. १९७९ साली लंडनच्या सोहो भागात 'कॉमेडी स्टोअर' सुरू झाले, तेव्हा नवख्यांसाठी तिथे एक मोठी थाळीसारखी घंटा टांगलेली असे. प्रेक्षक कंटाळले की घंटेवर टोला पडे, आणि बोलणाऱ्याने वाक्य अर्धवट टाकून उतरायचे. (ही प्रथा आमच्या धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलच्या कानावर न जाईल तर बरे.) त्याच लंडनवाल्यांनी २०१० साली मुंबईत, लोअर परळच्या पॅलेडियममध्ये आपली शाखा काढली. पुढे तिचे नाव बदलले. परंतु माइकपुढे एकट्याने उभे राहून लोकांना हसवायचे हे वेड तोवर शहरात पसरले होते. वांद्रे, खार, अंधेरी या पट्ट्यात आता असे कोपरे पुष्कळ आहेत.

मी गेलो त्या रात्री चौदा नावे लागली होती. श्रोते मोजले, ते एकंदर एकतीस. थोड्या वेळाने लक्षात आले की त्यांतले वीसेक जण आपापल्या पाळीची वाट पाहणारे कलावंतच आहेत. त्यांच्या मांडीवर लहान वह्या होत्या. दुसरा बोलत असता ते आपल्या वहीत काहीतरी खोडीत होते. रविवारी पहिल्या मिस्साला मागच्या बाकांवर बसणाऱ्यांची आठवण झाली. शरीराने हजर, मनाने भाजी मंडईत. सूत्रसंचालक हा दाढीवाला, चपळ तरुण. चार मिनिटे झाली की तो मागे उभा राहून भ्रमणध्वनीचा दिवा हलवी. याचा अर्थ, आता आवरा.

पहिले सात-आठ जण नुसते बोलणारे होते. त्यांच्याविषयी मोकळेपणाने लिहितो. काहींची भाषा असभ्य होती. पण त्याने मला फारसे दुखावले नाही. कुंपाऱ्यांना कबुलीजबाबाच्या खुर्चीतून जे कानी पडते, त्यापुढे हे काहीच नव्हे. मला खटकला तो आळस. लोकल गाडीतली गर्दी, मुलींचे नखरे, बापाचा कंजूषपणा, तेच ते. कोणी एक पाऊल पुढे जाऊन बघतच नव्हता. एका मुलाने मात्र आपल्या वडिलांच्या दुकानाला टाळे लागल्याची हकीकत सांगितली. एकही माणूस हसला नाही. तरी तो पाच मिनिटे पूर्ण उभा राहिला आणि "धन्यवाद" म्हणून उतरला. त्या शांततेने माझ्या पोटात खड्डा पडला. एकोणतीस वर्षे मी वेदीवरून बोलतो आहे. माझे प्रवचन पडले की नाही, हे मला कोणी असे तोंडावर सांगितलेले नाही. लोक बसून राहतात, नंतर उभे राहून 'मी विश्वास धरतो' म्हणतात, आणि बाहेर पडताना "छान झाले, फादर" असेही म्हणतात. त्या मुलाला ते सुख नव्हते.

आता विनोदी बँडविषयी. नुसते बोलणारे विनोदकार गाणाऱ्यांकडे किंचित असूयेने पाहतात, असे भाचा सांगतो. कारण गाणे संपले की टाळी पडतेच. लोकांना तशी सवयच असते. विनोद फसला तरी टाळी फुकट मिळते. हे खरे आहे. परंतु त्या रात्री जवळून पाहिल्यावर मला दुसरी बाजू जास्त अवघड वाटली. बोलणाऱ्याला थांबता येते. हशा आला की तो श्वास घेतो, हशा न आला तर पुढचे वाक्य गाळून भलतीकडे वळतो. गाण्याला ती सोय नाही. ताल सुरू झाला की झाला. लोक हसले तर पुढची ओळ त्या हशात बुडते. न हसले तरी तीच ओळ, तीच चाल, शेवटच्या कडव्यापर्यंत पार पाडावीच लागते. पास्काच्या जागरणविधीत 'एक्झुल्तेत' गाताना ज्याचा सूर पहिल्याच ओळीला चुकून वर लागला आहे, त्या धर्मगुरूला मी काय म्हणतो ते चटकन कळेल. शिवाय धृपद. विनोद एकदाच हसवतो. धृपद तर चारदा येते. तेव्हा प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा सरकला पाहिजे, नाहीतर तिसऱ्या वेळी लोक ग्लासात बघू लागतात.

या विद्येत भाच्याचे गुरू म्हणजे न्यूझीलंडची एक जोडी, 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स'. ब्रेट मॅकेन्झी आणि जमेन क्लेमंट हे दोघे वेलिंग्टनच्या विद्यापीठातले मित्र. १९९८ मध्ये त्यांनी हा बँड काढला. दोन गिटारी, दोन खुर्च्या आणि अत्यंत गंभीर चेहरे. स्वतःची ओळख ते 'न्यूझीलंडमधील चौथ्या क्रमांकाची लोकप्रिय जोडी' अशी करून देत. २००२ साली ते एडिनबरोच्या महोत्सवात गेले, पुढच्या वर्षी तिथल्या मोठ्या पुरस्कारासाठी त्यांचे नामांकन झाले. २००७ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर दूरदर्शन मालिका निघाली. तिचा सारा विनोद एवढाच की हे दोघे न्यूयॉर्कला येतात आणि त्यांना ऐकायला जवळजवळ कोणीही येत नाही. २००८ मध्ये या जोडीला विनोदी संग्रहाचे ग्रॅमी मिळाले. भाच्याने मला त्यांची गाणी ऐकवली आहेत. इंग्रजी उच्चार निम्मे कळत नाहीत, पण एक गोष्ट कळली: ते हसवण्यासाठी वेडेवाकडे काहीच करीत नाहीत. एखाद्या क्षुल्लक गोष्टीला ते स्तोत्राची गंभीर चाल लावतात आणि मग चालीलाच काम करू देतात.

ही युक्ती आपल्या लोकांना नवी आहे, असे मात्र नव्हे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात पहिले कोकणी तियात्र झाले, तेव्हापासून गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी दोन पडद्यांच्या मध्ये 'कांतार' गाण्याची परंपरा सांभाळली आहे. कथेशी त्याचा संबंध असेलच असे नाही. एकटा, दोघे वा तिघे पुढे येतात आणि पुढाऱ्याला, सासूला, शेजाऱ्याला यमकात पकडतात. आमच्या वसईकडे माझी आजी लग्नाच्या मांडवात वरपक्षाची खोड काढणारी गाणी म्हणे, तीही डोळे मिटून, जणू रोझरीच चालली आहे.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२००० साल होते, ख्रिस्तजयंतीच्या महोत्सवाचे वर्ष. मी एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो व युवकांची जबाबदारी माझ्यावर होती. सणाच्या रात्री अंगणात करमणुकीचा कार्यक्रम होता. चार मुलांनी एक गाणे बसवले होते; म्होरक्या अठरा वर्षांचा, आवाजाने गोड. गाणे होते आमच्या प्रमुख धर्मगुरूंच्या स्कूटरवर. ती एका बाजूला कलती केल्याशिवाय सुरू होत नसे. पहिल्या कडव्यात नुसती स्कूटर होती. दुसऱ्या कडव्यात स्कूटर आणि प्रवचन यांची तुलना सुरू झाली: दोन्ही चटकन सुरू होत नाहीत, आणि एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. लोक हसू लागले. मी पुढच्या रांगेकडे पाहिले. प्रमुख धर्मगुरूंनी रुमाल काढून तोंडावर धरला होता. ते संतापले आहेत, असे मी समजलो. मी मंचामागे गेलो आणि ध्वनिक्षेपकाचे बटण बंद केले.

तो मुलगा क्षणभर तसाच गात राहिला. आपला आवाज कोणाला ऐकू जात नाही, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो गप्प झाला, पण तोंड तसेच उघडे होते.

त्याच रात्री जेवताना प्रमुख धर्मगुरूंनी मला विचारले, "त्या गाण्याचे पुढचे कडवे काय होते हो?" मला ते ठाऊक नव्हते. त्यांना फार हसू येत होते, म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. ते आता प्रभुघरी गेले. पुढचे कडवे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. सेमिनरीत संत थॉमस अक्विनास शिकताना, जो स्वतः विनोद करीत नाही व दुसऱ्याने केलेला सहन करीत नाही त्याच्या ठायी दोष आहे, असे मी उत्तरपत्रिकेत सविस्तर लिहिले होते आणि त्याला चांगले गुणही पडले होते.

तो मुलगा आज त्या परिसरात ध्वनिक्षेपकाचा व्यवसाय करतो. सणाच्या मिस्साला मला बोलावले जाते, तेव्हा माझ्यापुढचा माइक तोच लावतो. "हॅलो, चेक, चेक," एवढेच म्हणतो. मी त्याला पुन्हा गाताना ऐकलेले नाही.

असो. खारच्या त्या बारमध्ये भाच्याचे त्रिकूट नववे होते. त्यांच्या पाच मिनिटांतला पाऊण मिनिट तर तारा जोडण्यातच गेला. पहिले गाणे विरारच्या गाडीवर, आणि ते सपशेल पडले. लोकलवर त्या रात्री अगोदर चौघे बोलून गेले होते. त्यात ऐन यमकाच्या जागी बारवाल्याने फळांचा रस काढायचे यंत्र सुरू केले. तीन-चार टाळ्या पडल्या, त्यांतल्या दोन माझ्या.

मग भाचा हिंदीत म्हणाला, "पुढचे गाणे मराठीत आहे. समजले नाही तरी हरकत नाही. चर्चमध्ये आम्हांलाही समजत नाही." थोडी खसखस पिकली. मुलीने आपल्या वाद्यावर एक लांब, करुण सूर धरला, थेट अंत्यविधीच्या गीतासारखा. भाचा माइकजवळ आला. त्याने हातात एक कागद धरला आणि खोकला. दोन लहान, एक लांब.

तो खोकला माझा होता. मिस्साच्या शेवटी, समारोपाच्या आशीर्वादापूर्वी, सूचना वाचायला उभा राहिलो की मी असाच खोकतो. हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हते. पाठोपाठ माझाच स्वर आला, माझेच "म्हणजे काय, तर", माझेच शब्दांना शेवटी उगाच ओढणे. गाण्याचे नाव 'सूचना'. धर्मशिक्षणाचा वर्ग साडेनऊला आहे, तो दहाला सुरू होईल. एक काळी छत्री सापडली आहे, मालकाने ओळख पटवून न्यावी; छत्रीची ओळख, ती काळी आहे. अमक्या-तमक्यांचे लग्न ठरले आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे, वधूची हरकत विचारात घेतली जाणार नाही. आणि प्रत्येक कडव्यामागून धृपद: एक पांढरी गाडी फाटकासमोर उभी आहे, मालकाने ती त्वरित हलवावी.

लोक हसू लागले. ज्यांना मराठी कळत नव्हते, ते खोकल्याला हसत होते. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण मीही हसलो. छत्रीला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "अंकल, असे फादर खरंच असतात." मी म्हटले, "असतात."

पाठीमागे दिवा हलला. चार मिनिटे झाली होती. भाच्याने घाई केली नाही. खोकला, या वेळी तीन लहान, एक फार लांब. आणि त्याच आवाजात, त्याच चालीत, काडीचाही फरक न करता:

आपल्या धर्मगुरूंच्या मातोश्री काल रात्री वारल्या. अंत्यविधी उद्या सकाळी साडेदहा. नंतर हॉलमध्ये चहा.

जुलै २०१९ मधल्या एका रविवारची ती गोष्ट. शनिवारी रात्री उशिरा आई गेल्याचा निरोप आला. बदली धर्मगुरू मिळणे शक्य नव्हते, म्हणून सकाळी सातची मिस्सा मी केली. ती आटोपल्यावर मी नेहमीप्रमाणे कागद हातात घेतला आणि सूचना वाचल्या. पाचवी की सहावी सूचना आईची होती. मी ती इतर सूचनांसारखीच वाचली. दुसऱ्या कोणत्या आवाजात वाचायची, हे मला सुचले नाही. दुसरा आवाज काढला असता तर तो टिकला नसता. मला न्यायला आलेला भाचा त्या वेळी मागच्या बाकावर बसलेला होता.

बारमध्ये पहिल्या ओळीला लोक हसले, कारण खोकल्याला हसायचे ही सवय त्यांना एव्हाना लागली होती. दुसऱ्या ओळीला निम्मे हसले. चहाला कोपऱ्यातले एकच टेबल हसले आणि लगेच गप्प झाले. त्या वेळी माझा उजवा हात टेबलाखाली काहीतरी चाचपडत होता. काय शोधतो आहे, ते मला कळायला थोडा वेळ लागला. मी बटण शोधत होतो.

मग धृपद आले. वाद्य थांबले, खोका थांबला. भाचा एकटाच, कागदावरून मान वर न करता:

एक पांढरी गाडी फाटकासमोर उभी आहे. ती कोणी हलवू नये. ती मला न्यायला आली आहे.

तो मागे सरकला. कोणी हसले नाही. दुकानाला टाळे लागलेल्या त्या मुलाच्या वेळची शांतता निराळी होती, ही निराळी. मग टाळ्या झाल्या. फार नव्हेत, एकतीस माणसांच्या होतील तेवढ्या. सूत्रसंचालक पुढे येऊन म्हणाला, "यानंतर आम्हांला कॉमेडियन कोण देणार?" आणि सगळे सुटल्यासारखे हसले. बिचारा दहावा कलावंत टिंडरवर बोलायला उभा राहिला.

आम्ही अंधेरीला येऊन विरार गाडीची वाट पाहत होतो. नायगावचा मित्र खोक्यावर बसला होता, आणि त्याची गोलंदाजीची ऐट पाहून फलाटावरची मंडळी त्याला जागा सोडत होती. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "आईने मला ती स्कूटरवाल्या गाण्याची गोष्ट सांगितली आहे. तुम्ही आज माइक बंद केला असता?"

मी म्हटले, "बटण कुठे होते ते मला दिसले नाही."

"ती गाडी आपलीच होती, फादरमामा. मी गडबडीत फाटकासमोर लावली होती. तुम्ही नंबर वाचून दाखवलात, आणि नंतर तिच्यातच बसून आलात."

हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी कोणत्या गाडीत बसलो, वाटेत काय दिसले, काहीही आठवत नाही. घरापाशी उतरल्यावर कोणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरली होती, एवढे स्मरते.

"आजीचे कडवे काढून टाकू का?" त्याने विचारले. "आईला कळले तर ती मला घरात घेणार नाही."

मी विचार करीत होतो तो निराळाच. "कडवे राहू दे," मी म्हणालो. "पण त्यात चूक आहे. अंत्यविधी उद्या सकाळी साडेदहाला नव्हता. त्याच दिवशी होता, दुपारी साडेचारला."

"मला माहीत आहे. पण साडेदहाला चहा बसतो. साडेचारला काही बसत नाही."

गाडीचा दिवा वळणावर दिसू लागला होता. लोक पुढे सरकले.

"साडेचारला आभार बसते," मी म्हटले. "सर्वांचे आभार. मी शेवटी तेच म्हटले होते."

त्याने ओठांतल्या ओठांत ते दोनदा म्हणून पाहिले, गिटारची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि भ्रमणध्वनी काढून लिहू लागला.